माळ्यावरचं पाचट

एका गावात एक भोळा बाप होता. गाव त्याला भोळा म्हणत नसे; गाव जे म्हणत असे ते इथं लिहिता येत नाही. नाव भैरू. सांगितलेलं काम तो मन लावून करी. दुःख एवढंच, की ते काम त्याला सांगितलेलं असे.

भैरूचं घर पत्र्याचं. पत्र्याखाली लाकडी माळा, आणि माळ्याखाली एकच खोली. वैशाखात त्या खोलीत ठेवलेलं दूध विरजणाआधीच आंबायचं. गेल्या उन्हाळ्यात लेक शालन माहेरी आली, तर त्या खोलीत भोवळ येऊन पडली होती. आता ती बाळंतपणाला यायची होती, शुक्रवारी. पहिलटकरीण, आणि त्यात ही भट्टी. भैरूचा लेकीवर फार जीव. काळजीनं त्याला घास गोड लागेना.

बायको आक्काताई म्हणाली, "आवं, नुसतं बसू नका. माळ्यावर पाचट हातरा, चांगलं हातभर जाड. ऊन खाली उतरणार न्हाई."

भैरूनं फडातनं उसाचं पाचट गाडीभर आणलं आणि माळ्याकडे निघाला. देवळाच्या फुलबागेचा माळी हरिबा लिंबाखाली झोपला होता. भैरूनं त्याच्यावर हातभर जाड पाचट अंथरलं. कडेनं नीट दाबलंही.

हरिबा जागा झाला तेव्हा त्याला वाटलं, आपण गेलो आणि आता अग्नी देणार. तो ओरडत उठला. समोर भैरू घाम पुसत उभा.

"आरं, जित्या माणसाला असं झाकत्यात व्हय? निदान नाक तरी उघडं ठेवायचं."

"चुकलंच," भैरू म्हणाला. "फुडच्या खेपंला नाक उघडं ठेवतो." त्यानं धडा पाठ केला. हरिबानं पाचट मात्र परत दिलं नाही. म्हणाला, माझ्या अंगावर आलंय, माझंच.

आक्काताईनं कपाळावर हात मारला. "आवं, माळा म्हंजे लाकडाचा. लाकूड बघून टाका."

एव्हाना भैरूच्या माळ्याची बातमी गावभर झाली होती. ज्यांच्या घराला माळा नव्हता ते सगळे सल्ला द्यायला आले. बर्फाचे गोळे विकणारा म्हणाला, "पाचटात उंदरं हुत्यात. भुसा टाका तात्या. माझी लादी भुशात दोन दिस टिकती. शालनताई काय त्याहून लवकर वितळती?"

भैरूला पटलं. दोन पोती भुसा खांद्यावर घेऊन तो लाकूड शोधत निघाला. फार लांब जावं लागलं नाही. धोंडीराम सुताराच्या अंगणात लग्नाचं कपाट आडवं ठेवलेलं होतं. ते लाकडाचंच होतं. नुकतंच वॉर्निश मारलेलं, ओलं. भैरूनं दोन्ही पोती त्याच्यावर रिकामी केली. कपाटाला अंगभर केस फुटले.

धोंडीराम हातात रंधा घेऊनच आला. मग भैरूचं तोंड बघून त्यानं तो खाली ठेवला. "तात्या, ओलं हुतं ओ ते. वाळलेलं बघून टाकायचं."

"चुकलंच. फुडच्या खेपंला वाळलेलं बघतो."

गुरुवारी भैरू तालुक्याला गेला. तिथल्या दुकानात उन्हाला अडवणाऱ्या मालाचे नमुने फळ्यावर डकवलेले होते, आणि दुकानदाराला त्यांची नावं पाठ होती. त्यानं विचारलं, "छत पत्र्याचं का स्लॅबचं?" पण उत्तर ऐकायला तो थांबला नाही. एक पिवळा गठ्ठा पुढे सरकवून म्हणाला, "काचेची लोकर. यापेक्षा भारी काही नाही."

"ही कुठल्या मेंढीची?" भैरूनं विचारलं.

"परदेशी," दुकानदार म्हणाला.

घरी परतल्यावर भैरू शिडी लावून पत्र्यावर चढला. पत्र्यावर जुन्या धोतरावर आक्काताईच्या कुरडया वाळत होत्या, अख्ख्या वर्षाच्या. त्यानं एक मोडून बघितली. कडकडीत वाळली होती. त्यानं समाधानानं सगळ्या कुरडयांवर काचेची लोकर पसरली आणि हातानं चांगली चोळून बसवली. मग उरलेला दिवस हात खाजवत बसला.

आक्काताई रडलीच. "माझ्या कुरडयांत काच कालवली. बाळंतिणीसाठी जपून केलेल्या. आवं, हात लावून बघायचं हुतं, तापलंय काय ते. जे तापलंय त्येच्यावर टाका, एवढंबी कळंना?"

"चुकलंच," भैरू म्हणाला. त्यालाही वाईट वाटलं. "फुडच्या खेपंला तापलेलंच बघतो."

शुक्रवार उजाडला. भैरू पहिल्या एस्टीनं पुन्हा दुकानात. दुकानदारानं या वेळी चंदेरी कागदाचं भेंडोळं दिलं आणि सोबत चिकटपट्टी. "जे तापतं ते सगळीकडून गुंडाळा. फट ठेवू नका. फटीतूनच सगळी गरमी बाहेर पडते."

भेंडोळं घेऊन भैरू गावात शिरला, तर शेजारचा बाळू वेशीवरच भेटला. "तात्या, आत्ता घरी जाऊ नका. काकू लई तापलीया."

भैरूला केवढं हायसं वाटलं. चार दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी स्पष्ट सांगितलं होतं.

आक्काताई उंबऱ्यात बसली होती. भैरूनं आधी तिच्या कपाळाला हात लावून बघितलं. खरंच तापलं होतं. ती बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात भैरूला पहिली फट दिसली. तिथं त्यानं चिकटपट्टी लावली. मग पायापासून डोक्यापर्यंत चंदेरी कागद गुंडाळला, दोन पदरी. नाक तेवढं उघडं ठेवलं. शिकलेलं विसरणाऱ्यांतला तो नव्हता.

शालन आली तेव्हा घामानं निथळत होती. उंबऱ्यात एक चंदेरी गाठोडं उड्या मारत होतं.

"आबा, आई कुठाय?"

"हितंच हाय. तापली हुती, झाकली. आता आतली गरमी भाईर येत न्हाई."

शालननं पट्टी ओढली. मग जी गरमी बाहेर आली ती चार घरं पलीकडे ऐकू गेली.

"आन् आबा, खोली?" शालननं दारातनं आत डोकावून विचारलं. आतून वाफ आली. तिला घेरी यायला लागली.

"खोलीला कुणी तापली म्हनलंच न्हाई," भैरू म्हणाला.

आरडाओरडा ऐकून हरिबा धावत आला. त्यानं शालनला सावरलं आणि बागेतल्या आपल्या घरात नेऊन बसवलं. त्याचंही घर पत्र्याचंच. पण भैरूचं सगळं पाचट त्यानं पत्र्यावर हातभर जाड पसरून वर पाणी मारलं होतं. आत गारवा होता. शालनला घटकेत झोप लागली. हरिबाची बायको म्हणाली, आता पोर उन्हात कुठं हलवू नका. शालन तिथंच राहिली, आणि नात तिथंच झाली.

बारशाला सगळं गाव जमलं. जो तो हरिबाचं कौतुक करत होता. भैरूनं नातीला मांडीवर घेतलं. मग तो आक्काताईकडे वळला.

"बघ, मी पयल्याच दिशी बरोबर टाकलं हुतं. माळ्यावरच."