मोडलेला अध्याय

रखमाजी हैबती शेलार, वय वर्षे एकाहत्तर. आडगव्हाणच्या देवळात पोथी वाचणाऱ्या या गृहस्थाची गोष्ट नेमकी कोणत्या काळची, हे आता कोणालाच सांगता येत नाही. डोंगरावर वाघ होते तेव्हाची, असे म्हणतात.

रखमाजीने शाळा पाहिली नव्हती. देवळातल्या लेख कोरलेल्या शिळेवर बोट फिरवून तो एकट्याने अक्षरे शिकला, आणि त्याचा त्याला ताठा होता. श्रावणात तो पोथी वाची आणि गाव माना डोलवी. एका संध्याकाळी अध्यायाच्या ऐन मध्यावर तो थांबला व पोरांना म्हणाला, "राजा आता काय करील? आणि कशावरून?"

पोरांनी थोरांकडे पाहिले. थोरांनी पोथीकडे.

थांबलेला अध्याय म्हणजे मोडलेला अध्याय, आणि तो अपशकुन, अशी गावाची समजूत. त्यातच त्या आठवड्यात गुरांत खुरकुताची साथ आली.

"देवीपुढं नाक घास आणि पुढं वाच," जोत्याजी पाटील म्हणाले. "उद्या पोपटाला विचारशील, काय कळलं म्हणून."

"पोपट निदान बोलतो तरी, पाटील."

गावाने त्याचे वाचन बंद केले. आपली पोथी घेऊन तो डोंगराच्या सोंडेवर खोपट बांधून राहू लागला. रोज दिवस कलताना तो तेच पान वाची, थांबे, विचारी आणि वाट पाही. उत्तर मिळाल्याशिवाय पान उलटायचे नाही, असा त्याचा पण होता. तेवढा वेळ वारा पडे, पाखरे गप्प होत, असे म्हणतात. पण उत्तर येत नसे. उन्हाने त्या पानाची शाई उडून गेली, तरी तो कोऱ्या पानावरून वाचीत राहिला.

मग एकदा करवंदीच्या जाळीतून आवाज आला. करवंदे खायला आलेली ठकू नावाची मुलगी होती ती.

"आजा, तो राजा माघारी येत नाही बघा."

"कशावरून?"

"त्यानं घोडा देऊन टाकला, तुम्हीच आत्ता वाचलं. यायचं असलं तर कोण घोडा देतंय?"

"पोथीत तसे लिहिलेले नाही."

"नसंना का. दिसतंय की."

रखमाजीने पान उलटले. त्या झुळुकीने डोंगरभर गवत लवले, असे म्हणतात.

ठकूमागून बाकीची पोरे आली. डोळे मिटून काय दिसले ते सांगावे, न कळलेल्या ओळीवर खडा ठेवावा, हे त्याने त्यांना शिकवले. देवळात मात्र त्याला कोणी बोलावले नाही आणि तोही गेला नाही. तो खोपटातच वारला.

पुढे तीच पोरे देवळात पोथीला बसू लागली. आजही तेथे पोथीजवळ खड्यांची परडी असते. कोणी खडा ठेवला, की वाचणारा "रखमाजी थांबला" म्हणून थांबतो आणि सारे मिळून अर्थ लावतात. अध्याय मोडला, असे आता आडगव्हाणात कोणी म्हणत नाही.