आपलीच माणसं

फार पूर्वी एका माळरानावर खोकल्याची साथ आली. कुमुदकाकू ससीण नियमांची भारी पक्की. दाणे घेऊन येणाऱ्या खारीला ती बिळापासून लांब उभी करायची आणि दाणे कडुलिंबाच्या पाण्यात धुऊन उन्हात टाकायची.

भाऊबीजेला मात्र तिने सगळा गोतावळा बोलावला. शेजारच्या साळूबाई साळिंदर आपल्या भावांना उघड्यावर, करवंदीच्या जाळीपाशी लांब लांब बसवणार होत्या. त्या म्हणाल्या, "काकू, तुम्हीही बाहेरच बसा. घरात म्हातारे सासरे आहेत तुमचे."

"भावाला उंबऱ्याबाहेर बसवू?" काकू फणकारली. "तुमच्या अंगावर काटे होतेच, आता मनातही उगवले. आपलीच माणसं ती, त्यांना कसला आलाय खोकला!"

मग थंडी वाजू नये म्हणून बिळाचं तोंड गवताने बंद केलं आणि सगळ्यांनी एकाच ताटात तोंडं घातली. धाकटा भाऊ सारखा खोकत होता. "लाडवाचा ठसका लागला," असं म्हणून काकूने त्याला आणखी एक लाडू वाढला.

आठवड्याभरात सगळं बीळ खोकू लागलं. साळूबाई रोज दारात पेज ठेवून जायच्या. "आत काही आली नाही हो!" काकू कण्हत म्हणायची.

सासरे गेले. काकूने डोळे पुसत निरोप धाडला, "तेराव्याला सगळे या. आतच बसू, परक्यासारखं बाहेर कशाला? आणि त्या खारीला सांगा, दाणे लांबूनच ठेव म्हणावं. साथ आहे."