जुना दरवाजा आणि नवे मडगार्ड

मोटारी धावण्यापेक्षा बोलत जास्त, त्या काळची ही गोष्ट. टिपणीस नावाचे एक गृहस्थ घरच्या अंगणात एका गंजक्या मोटारीचे पत्रे स्वतःच बदलत होते. उतरवलेला जुना दरवाजा भिंतीला टेकून, स्वप्नात असल्यासारखा ते बघत होता.

टिपणीसांनी आधी नवे मडगार्ड बसवून बोल्ट करकचून आवळले आणि मग शेजारी नवा दरवाजा लावला. तो काही केल्या बंद होईना.

"सरक की जरा!" नवा दरवाजा म्हणाला.

"मी का सरकू? आधी मी आलोय," मडगार्ड गुरगुरले.

"अहो, जुनाच लावा परत," टिपणीसबाई पायरीवरून म्हणाल्या. "बंद तरी होत होता."

जुना दरवाजा मोहरला. गप्प बसले तर भंगारात जाणे टळणार होते. पण या भांडणात मोटार अंगणातच गंजणार, हेही त्याला दिसत होते.

"बाळा मडगार्डा," तो शेवटी म्हणाला, "तू बोल्ट जरा सैल सोड आणि दरवाजाच्या कडेने बैस. आमचंही तसंच जमलं होतं."

"आजोबा, तुम्हाला विचारलं कोणी?" नवा दरवाजा फणकारला.

मडगार्डाने मात्र बोल्ट कुरकुरवले. ते ऐकून टिपणीसांनी पाना उचलून बोल्ट सैल केले आणि मडगार्ड कडेला जुळवले. ही युक्ती आपलीच, असे त्यांना जन्मभर वाटत राहिले.

नवा दरवाजा अलगद लागला. मोटार फाटकाबाहेर पडली.

"मी मुळातच मापाचा आहे," नवा दरवाजा वाटेत सांगत होता.

अंगणात जुन्या दरवाजाच्या बिनकाचेच्या खिडकीतून धावत्या मोटारीतल्यासारखा वारा वाहू लागला. भंगारवाल्याची हाक जवळ येत होती. डोळे मिटून दरवाजा पुटपुटला, "घाट लागला वाटतं."