अकरा कुंच्या आणि चौथं दार

अगं केतकी, थांब! ती बॅग भरणं राहू दे दोन मिनिटं आणि आधी ऐक काय झालंय ते. तू परवा त्या मोठ्या प्रदर्शनाला चाललीयेस ना, परदेशातले कपडेवाले गाठायला? मग हे ऐकल्याशिवाय मी तुला सोडतच नाही. अगदी ताजी गोष्ट आहे. जंगलातली असली म्हणून काय झालं!

तर एक सशीण होती. खाडीच्या अलीकडे जंगल, जंगलात एक टेकाड आणि टेकाडाच्या पोटात तिचं बीळ. बिळाला चार दारं. तीन दारं येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायची, पण चौथं उघडायचं करवंदीच्या जाळीत, काट्यांच्या आत. ते फक्त घरातल्या बायकांना ठाऊक. सशांमध्ये पद्धतच आहे तशी, चौथं दार नवऱ्यालासुद्धा सांगत नाहीत. आणि यंदा त्या बिळात अकरा पिल्लं होती. अंगावर केसाचा पत्ता नाही, नुसती गुलाबी, मुठीएवढी. मागच्या थंडीत तिची तीन पिल्लं गारठून गेली होती गं. त्यामुळे दव पडायला लागलं तशी ती रोज उठून मोजायची, अकरा आहेत ना, अकरा आहेत ना.

तिची म्हातारी मावशी तिच्याजवळच राहायची. ती म्हणाली, "खाडीवर मेळा भरलाय. पाण्यापलीकडचे कपडेवाले आलेत. पिल्लांना कुंच्या घेऊन ये. पण कपडा सुलटा बघून घेऊ नकोस. सुलटी बाजू सगळेच दाखवतात. उलटा करून बघ. आणि त्याच्याकडून आधी कोणी घेतलंय ते विचार."

"हो गं मावशी, लहान आहे का मी!" असं म्हणून सशीण टुणटुणत निघालीसुद्धा.

मेळा म्हणजे काय विचारू नकोस! प्रत्येक झाडाखाली दुकान, काठाला तराफे बांधलेले, फांद्याफांद्यांवर रंगीत कपडे. पहिलंच दुकान एका मेंढीचं होतं. करड्या रंगाच्या जाड कुंच्या, एक फूल नाही, एक गोंडा नाही. सशिणीने हात लावला आणि लगेच मागे घेतला. "अय्या, टोचतंय की!"

"टोचणारच. लोकर आहे, लोणी नाही," मेंढी म्हणाली. "घाई करू नकोस. माझा माग तराफ्यावरच आहे. आधी चल, विणताना बघ. मग ते मुंगूस दिसतंय ना? दोन हिवाळे माझ्याकडूनच नेतंय. त्याला विचार, आणि मग ये."

पण सांग, कोण जाणार तराफ्यावर चढून माग बघायला! शिवाय समोरच कोल्ह्याचं दुकान होतं आणि तिथे ही गर्दी. पानांचं तोरण, येणाऱ्याला द्रोणात गाजराचा हलवा, आणि कुंच्या तर अशा मऊ, अशा मऊ, की गालाला लावली तर काढवेना. सशिणीने डोळेच मिटले. तिला सगळी अकरा पिल्लं त्या कुंच्यांमध्ये गुरगुटून झोपलेली दिसली.

"ताई, अगदी हक्काने सांगा," कोल्हा म्हणाला. "किती पिल्लं?"

"अकरा."

"वा, भाग्यवान आहात! वजनं साधारण? नाही, मापं नीट बसायला हवीत म्हणून विचारतो."

तिने सांगितली. कोल्हा झाडाच्या सालीवर नखाने लिहीत होता. मग मावशीचं आठवून तिने विचारलं, "तुमच्याकडून आधी कोणी घेतलंय का?"

"पलीकडच्या टेकाडावरचे ससे! मागच्या साली त्यांच्या सगळ्या घरांना आम्हीच माल दिला." कोल्हा हसला. "आणि ताई, खोटं नाही सांगत, आजवर एकाचीही तक्रार आलेली नाही!"

सशीण खूश! ती म्हणाली, "मग द्या अकरा."

"तुम्ही कशाला ओझं उचलता? ऊन उतरायच्या आत घरपोच करतो. फक्त दारं कुठे कुठे आहेत तेवढं सांगा, आमची पोरं चुकायला नकोत."

आणि तिने सांगितली गं! एक चिंचेखाली, एक वारुळाशेजारी, एक ओढ्याच्या वरच्या अंगाला. अगदी खुणांसकट, व्यवस्थित. तिला उलट कौतुक वाटत होतं, काय चोख काम आहे यांचं म्हणून.

"तीन झाली. आणि कोरडं दार?" कोल्ह्याने मान वर न करता विचारलं. "ओढ्याजवळ ओल असणार. माल भिजला तर पिल्लंच आजारी पडतील. तुम्हा सशांचं एक कोरडं दार असतंच ना आतल्या बाजूला?"

तिच्या ओठांवर आलं होतं. 'करवंदीच्या' एवढं जिभेवर तयार होतं. पण हाताला चाळा म्हणून म्हण, मावशीचा आवाज कानात होता म्हणून म्हण, बोलता बोलता तिने हातातली कुंची सहज उलटी केली.

अस्तराच्या शिवणीत पांढऱ्या केसांचा एक गोंडा अडकला होता. लहानसा, टोकाला जरा काळपट. केतकी, तो गोंडा नव्हता. ते शेपूट होतं. सशाचं.

पलीकडच्या टेकाडावरून एकही तक्रार का आली नाही, ते तिला त्या क्षणी कळलं. तक्रार करायला कोणी उरलंच नव्हतं.

पळावं? कोल्हा हातभर अंतरावर, दुकानामागे अजून पाच-सहा, आणि तीन दारं त्या सालीवर लिहिलेली. तिने कुंची हळूच परत सुलटी केली.

"ताई?" कोल्हा आता तिच्या तोंडाकडेच बघत होता. "चौथं दार?"

"वडाखाली," ती म्हणाली. "मोठ्या वडाखाली भलंमोठं भोक आहे, तेच." ते भोक साळिंदराचं होतं.

कोल्ह्याने लिहून घेतलं. सशीण वळली, तर मागे रांगेत बांधापलीकडची घूस उभी. पोटुशी, हातात हलव्याचा द्रोण, चेहरा नुसता फुललेला. तिने विचारलं, "अहो ताई, घेतलात का? मऊ आहे ना हो?"

कोल्हा ऐकत होता.

"हो," सशीण म्हणाली. "फार मऊ आहे."

आणि ती चालायला लागली. पळाली नाही, चालली. झाडांच्या आड गेल्यावर मात्र अशी सुटली की पाय जमिनीला लागेनात.

घरी मावशीला तिने तीनच शब्द सांगितले, "तीन दारं फुटली." मावशी तडक उठली. दोघींनी एकेक पिल्लू तोंडात धरून चौथ्या दाराने जाळीत न्यायला सुरुवात केली. काटे अंगात घुसत होते. ऊन उतरत होतं. सात झाली, आठ झाली, नऊ. अकरावं बाहेर ठेवलं आणि खालून चिंचेजवळून आवाज आला, अगदी गोड.

"ताई! माल आणलाय!"

पिल्लं थंडीने कुडकुडत होती, पण दोघींनी त्यांच्यावर अंग टाकलं आणि श्वास रोखला. मग माती उकरल्याचा आवाज, एका दारातून, दुसऱ्या दारातून, तिसऱ्या. आपण झोपतो ती जागा कोणीतरी हुंगतंय हे ऐकत पडून राहायचं, कल्पना कर! तेवढ्यात वडाकडून एक किंकाळी आली. साळिंदराने काटे फुलवले होते. सगळे कोल्हे तिकडे धावले आणि इकडे या दोघी पिल्लं वेलींच्या झोळीत घालून उताराने खाली, थेट मेंढीच्या तराफ्यावर.

सशिणीने धापा टाकत सगळं सांगितलं. मेंढीने ऐकता ऐकता करड्या कुंच्या एकेकाला चढवल्या. पिल्लं क्षणभर कुरकुरली, मग एकेक करून झोपली.

"टोचतंय म्हणालीस ना सकाळी?" मेंढी हळूच म्हणाली.

सशिणीला हसू आलं आणि रडूही आलं. तिने मोजलं. अकरा होती. पुन्हा मोजलं, अकराच. मग मेंढीने विचारलं, "तुझ्यामागे रांगेत कोण होतं गं?"

सशीण ताडकन उठली. बांधावरून, चिखलातून, थेट घुशीच्या बिळापाशी पोचली. दारासमोरची धूळ पंजांच्या ठशांनी भरलेली होती. पायरीशी हलव्याचा द्रोण उपडा पडला होता. तिने आत तोंड घालून हाक मारली. मग दुसऱ्या दारातून मारली. कुठूनच ओ आली नाही.

तात्पर्य : माल मऊ आहे की नाही हे आपला हात सांगतो, पण विकणारा कसा आहे हे त्याचं जुनं गिऱ्हाईकच सांगू शकतं. ते गिऱ्हाईक भेटतच नसेल, तर तेच उत्तर समजावं, आणि आपल्या घराचं चौथं दार तर गोडीगुलाबीने विचारणाऱ्याला कधीच सांगू नये. एवढं मला कळलं, केतकी. पण मागे वळल्यावर ती घूस हसून विचारतेय, "मऊ आहे ना हो?", आणि कोल्हा हातभर अंतरावर कान टवकारून उभा आहे. खरं सांग, तू तिथे असतीस तर काय केलं असतंस?