रावबहादुरांची कॉट

९ डिसेंबर १९३४. आकाश निरभ्र, हवेत झोंबरा गारठा. अंबू शेणोलीकर तापाने फणफणत वसतिगृहाच्या गार फरशीवर सतरंजी टाकून निजली होती. तिचा गुन्हा एवढाच, की "माझी खाट खिडकीपासून सरकवा," असं ती बोलली. अध्यक्ष रावबहादुर गुळवणींचा नियमच होता: ज्या वस्तूचं देशी नाव घ्याल, ती आठवडाभर जप्त!

अधीक्षिका सगुणाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. रावबहादुर तपासणीला येताच त्या म्हणाल्या, "पोर आजारी आहे. तिला खाट द्या."

"कॉट म्हणा, बाई, कॉट! हे काय गावंढळासारखं! आणि नियम सर्वांना सारखा. मलासुद्धा!"

"बरं," बाई म्हणाल्या.

जेवण उरकून रावबहादुर वामकुक्षीला पाहुण्यांच्या खोलीत गेले, ते ओरडतच बाहेर आले. "माझी कॉट कुठे गेली?"

"जप्त केली. सकाळी आपण देशी शब्द बोललात."

"मी? कुठला?"

"कॉट. साहेब इथे आला, आपल्या खाटेवर निजला आणि विलायतेला जाताना तिचं नावही घेऊन गेला. तुमच्याच इंग्रजी कोशात तसं लिहिलंय. साहेब कबूल करतो, तुम्ही का लाजता?"

रावबहादुरांनी बाईंनी पुढे केलेला कोश उघडला. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"मग मी निजू कशावर?"

"अंबूची सतरंजी आत अंथरली आहे. अंबू तुमच्या खाटेवर आहे."

चार वाजता रावबहादुरांनी नियम रद्द केला.