रविवारी येणारा भाऊ

“मग तुम्ही गप्प का बसलात, ताई?”

केरकरताई सुपात पावट्याच्या शेंगा सोलत होत्या.

शार्दूलने पुन्हा विचारलं. “तुम्ही मनाच्या आजारातून उठलात, त्यावर पुस्तक लिहिलंत. त्या पुस्तकाचा त्यांनी असला सिनेमा केला... आणि तुम्ही जाहीरपणे चकार शब्द काढला नाहीत?”

बरीच वर्षं तो सावंतवाडीला त्यांच्याकडे लिहिणं शिकायला येत होता. आता त्याला त्याच पुस्तकावर नवा सिनेमा करायचा होता. खराखुरा. निर्माता तयार होता. अडलं होतं ते ताईंच्या होकारापाशी.

“जुना कधी पाहिलास?”

“शाळेत असताना.” तो ओशाळला. “तेव्हा फार आवडला होता.”

“लाव बघू.”

दुपारच्या उन्हाकडे पाठ करून दोघं पडवीत लॅपटॉपसमोर बसली. शार्दूल जागोजागी सिनेमा थांबवून चुका दाखवू लागला.

“वॉर्डात गाणं!”

“आमच्या वॉर्डात साधा रेडिओ नव्हता,” ताई हसल्या. “पण चाल गोड आहे रे.”

पुढे नायिकेने गोळ्यांची डबी नदीत भिरकावली.

“हे तर घातक आहे, ताई.”

“आहेच. यावर मी भांडले होते. ऐकलं नाही त्यांनी.”

एवढं बोलून ताईंनी आपली दुपारची गोळी तोंडात टाकली, वर घोटभर पाणी घेतलं.

मग पडद्यावर इस्पितळाचं फाटक आलं. रविवार. नायिकेचा मोठा भाऊ पिशवीत पेरू घेऊन आत येतो, तिच्या खाटेशी बसतो, काहीच बोलत नाही.

शार्दूल उसळला. “आणि हे सगळ्यात मोठं खोटं! तुम्ही स्पष्ट लिहिलंय, मला भेटायला कुणी म्हणजे कुणी आलं नाही...”

तो ताईंकडे वळला आणि थबकला.

ताईंनी सूप बाजूला सारलं होतं. हात पदराला पुसले होते. केस मागे सारून त्या नीट बसल्या होत्या, दारात कुणी आलं की माणूस बसतं तशा.

भाऊ फाटकाबाहेर पडेपर्यंत त्यांची नजर हलली नाही.

“ताई... तुमचे भाऊ?”

“नाही आला कधी. आता तर तो नाहीच.”

शार्दूलने सिनेमा थांबवला.

“तू अकरावीत इस्पितळात होतास ना?” ताईंनी विचारलं.

“हो.”

“भेटायला कोण यायचं?”

“आई. दर रविवारी. घरात सगळ्यांचा विरोध होता. आजी म्हणायची, लोकांना कळलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. तरी आई यायची. दोन एसट्या बदलून. पिशवीत पेरू...”

तो बोलता बोलता थांबला.

हा सिनेमा त्याने आईच्या शेजारी बसून पाहिला होता, तालुक्याच्या टॉकीजमध्ये. भाऊ फाटकातून आत आला तेव्हा आईने डोळ्यांना पदर लावला होता. पुढच्याच वर्षी तो आजारी पडला. त्याला पेरू आवडत नसत. तरी त्या खाटेवर बसून त्याने ते बियांसकट खाल्ले होते. पेरूच का, हे आईला कधी विचारलं नव्हतं.

डोळे पुसावे लागले. पुसताना त्याला हसूही आलं.

“किती नावं ठेवली हो मी या सिनेमाला...”

ताईंनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

“मग मी काय करू, ताई? माझा सिनेमा करू की नको?”

“कर की. खरा कर. गाणी घालू नकोस. गोळ्या नदीत टाकू नकोस...”

त्यांनी एक शेंग सोलली. दाणे सुपात पडले.

“फक्त तिला भेटायला कुणाला तरी पाठव.”