शड्डूचं उत्तर

माणूस अजून रानाला भीत होता, तेव्हाची ही गोष्ट. एका तरण्या उदमांजराला रानबोका रोज झोडपायचा. शेवटी वैतागून ते कुस्ती शिकायला अजगराच्या तालमीकडे निघालं.

आईने बजावलं होतं, "तालमीत एकदम पाय टाकू नकोस. उंबऱ्याबाहेरून नमस्कार कर, मग शड्डू ठोक. आतले पट्ठे शड्डूनेच उत्तर देतात. ते ऐक आणि मग ठरव."

तालीम म्हणजे दरडीखालची गुहा. आतली माती छान भुसभुशीत होती, पण तिला घामाचा वासच नव्हता. तिच्यावर जाडजूड अजगर वेटोळं घालून पडला होता.

उदमांजर वाकून म्हणालं, "वस्ताद, शिकायला आलोय. आधी तुमच्या पट्ठ्यांची एखादी कुस्ती बघू का?"

"बघ की," अजगर मायेने म्हणाला. "माझी मिठी शिकलेला एकही पट्ठा मला सोडून गेलेला नाही."

आत तर कोणीच दिसत नव्हतं. उदमांजराने मांडीवर थाप मारून शड्डू ठोकला.

मग उत्तर आलं. एक शड्डू, त्यामागून दुसरा, मग कितीतरी. सगळे दबलेले, भिंतीपलीकडून आल्यासारखे. गुहेत पानही हललं नाही. फक्त अजगराचं पोट आतून थडथडत होतं.

"ऐकलंस?" अजगर अभिमानाने म्हणाला. "काय शिस्त आहे! ये आत."

उदमांजराच्या अंगावरचे केस ताठ उभे राहिले. तरी ते पुन्हा वाकलं आणि पाठ न दाखवता मागे सरकत म्हणालं, "येतो की, वस्ताद. आधी तुमचा एखादा पट्ठा बाहेर येऊ द्या."